टर्बो चार हजारांत नवा? त्या मेसेजला हे उत्तर

जुन्या डिझेल स्विफ्ट-डिझायरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो चार वेगवेगळ्या लोकांनी पाठवला, आणि चौघांनीही ‘हे खरं का?’ असं विचारलं. मजकूर थोडक्यात असा: “शाफ्ट बोटाने हलला म्हणजे टर्बो गेला. शोरूमला जाऊ नका. कोर ऑनलाइन चार हजारांत येतो, घरी अर्ध्या तासात बसतो. बॅलन्सिंग वगैरे गॅरेजवाल्यांचा पैसे काढायचा धंदा आहे. बदलताच आहात तर मोठं बिलेट व्हील टाका, वेस्टगेटचा रॉड दोन आटे फिरवा, ७५ची गाडी १०० हॉर्सपॉवरची होईल.”

आधी शब्दांचा अर्थ. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोराने फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. शाफ्टच्या दोन टोकांना पात्यांची दोन व्हील असतात, एक धुराने फिरतं, दुसरं (कॉम्प्रेसर व्हील) हवा ढकलतं. शाफ्ट, व्हील आणि मधलं बेअरिंग मिळून कोर, आणि बाहेरची दोन कवचं म्हणजे हाउसिंग.

एरवी मी असल्या मेसेजला उत्तर देत बसलो नसतो. पण हे १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन आपल्या घरातलं आहे. मूळ फियाटचं, पण पुण्याजवळ रांजणगावला आणि तिकडे हरियाणात मानेसरला ते वर्षानुवर्षं बनलं. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, पुंटो, लिनिया, सगळ्यांत तेच. २०२०च्या एप्रिलमध्ये प्रदूषणाचा बीएस-६ नियम आला आणि मारुतीने डिझेल बंद केलं. आज या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत, मीटर दीड-दोन लाखांवर आहे आणि पैसे जपून वापरणारी माणसं त्या चालवतात. चार हजारांत भागवायला गेलेल्या अशा माणसाचं इंजिनच बसलं, तर तो सावरत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘शोरूमला जाऊ नका’ यात तथ्य आहे. पूर्ण नवा टर्बो प्रत्येक वेळी लागत नाही. दोन्ही हाउसिंगना तडा नसेल, आतून व्हील घासल्याच्या खुणा नसतील, तर ती पुन्हा वापरता येतात आणि फक्त मधला कोर बदलून किंवा दुरुस्त करून टर्बो पुढे बरीच वर्षं चालतो. पुण्या-मुंबईत हेच काम करणारे चांगले कारागीर आहेत. दुरुस्ती करावी, जरूर करावी. माझा वाद आहे तो पैसे कुठे वाचवायचे यावर.

‘शाफ्ट हलला म्हणजे गेला.’ नाही. या टर्बोत बॉल बेअरिंग नसतं, तेलाच्या पातळ थरावर तरंगणारं साधं पितळी बुश, म्हणजे शाफ्टभोवतीची छोटी नळी, असतं. इंजिन बंद असताना तो थर नसतो, त्यामुळे शाफ्ट वर-खाली थोडा हलणारच. तो तसाच बनवलेला आहे. बघायच्या गोष्टी दोन: वर-खाली हलवताना व्हीलची पाती हाउसिंगला लागतात का, आणि शाफ्ट पुढे-मागे, म्हणजे त्याच्या लांबीच्या दिशेने सरकतो का. हे पुढे-मागे सरकणं बोटाला जेमतेम कळावं इतकंच हवं. ‘टक-टक’ असं स्पष्ट जाणवलं तर हे सरकणं रोखणारं थ्रस्ट बेअरिंग संपलं.

आता बॅलन्सिंग, म्हणजे फिरणाऱ्या भागाचं वजन सगळ्या बाजूंनी सारखं करणं. इथे मला राग येतो, कारण माझं रोजचं काम भोसरीत ब्लोअरचे रोटर बॅलन्स करण्याचं आहे.

हा छोटा टर्बो जोरात असताना मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास जातो. म्हणजे सेकंदाला तीन हजारांहून जास्त. आता व्हीलवर मध्यापासून एक सेंटिमीटर अंतरावर फक्त एक मिलिग्रॅम वजन जास्त आहे असं धरा, साखरेच्या बारीक कणाएवढं. दोन लाख फेऱ्यांना तो कण शाफ्टला सुमारे साडेचारशे ग्रॅमच्या जोराने बाहेर ओढतो, आणि त्या ओढीची दिशा सेकंदाला तीन हजारांवर वेळा बदलते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. बुशमधला तेलाचा थर हे किती दिवस सोसणार? आधी बारीक शिट्टी येते, मग ती कर्कश होते, मग थर तुटतो आणि धातूवर धातू घासतो.

म्हणून शाफ्ट आणि कॉम्प्रेसर व्हील सुटे-सुटे बॅलन्स झाले तरी काम संपत नाही. जोडणी करताना व्हील शाफ्टवर कोणत्या कोनात बसलं, नट किती जोराने (टॉर्कने) आवळला, यानेही फरक पडतो. जोडलेला कोर मशीनवर तेल देऊन हवेच्या झोताने खऱ्या वेगाच्या जवळ फिरवतात, कंपनं मोजतात आणि नटावरून किंवा व्हीलच्या कडेवरून किंचित धातू काढतात. चांगल्या कोरच्या नटावर ही छोटी तिरकी खाच दिसते. सोबत त्या कोरच्या कंपनांचा आलेखही मिळतो. तो मागा. ‘आमचा माल फॅक्टरी बॅलन्स आहे’ असं नुसतं तोंडी सांगणाऱ्याकडून घेऊ नका.

दुरुस्तीचं किट आणून स्वतः बुश बदलणाऱ्यांसाठी एक गोष्ट. खोलायच्या आधी शाफ्टचं टोक, नट आणि व्हील यांवर एका रेषेत खूण करा, म्हणजे जोडताना सगळं मूळ जागी येईल. अनेक टर्बोंत हा नट उलट्या आट्यांचा असतो, त्यामुळे जोर लावायच्या आधी आटे बघा. आणि शाफ्टवर बुशच्या जागी निळी झाक आली असेल किंवा नखाला ओरखडा लागत असेल, तर किट परत ठेवा. त्या शाफ्टवर नवं बुश टाकणं वाया आहे.

‘अर्ध्या तासात बसतो.’ बोल्ट कदाचित बसतील. पण टर्बो बहुतेक वेळा स्वतःहून मरत नाही, त्याला तेल मारतं. कमी तेल, जळकं तेल, काजळीने अरुंद झालेली तेलाची नळी. ती नळी तशीच ठेवून नवा कोर टाकला तर तोही त्याच वाटेने जातो. आमच्या सोसायटीतल्या एका कॅबवाल्या काकांचं नेमकं हेच झालं. ऑनलाइन कोर टाकला, सहाव्या दिवशी लोणावळ्याच्या घाटात निळा धूर. तेल देणारी नळी उघडून आतून तार फिरवली तेव्हा काळी, कडक पापडी निघाली. नळीच्या एका जोडाला (फ्लँजला) लावलेल्या लाल सिलिकॉन पेस्टचा एक तुकडा सुटून भोकाच्या तोंडाशी अडकला होता. तेलाच्या जोडांना सिलिकॉन लावायचंच नाही, तिथे गॅस्केट हवं.

बरेच लोक ‘टर्बो तेल टाकतोय’ म्हणून टर्बो बदलतात आणि नवाही तेल टाकतो. कारण टर्बोच्या सीलला रबराचं ओठ नसतं, पिस्टनसारखी बारीक लोखंडी रिंग असते. तेल खाली मोकळं वाहून गेलं तरच ती टिकाव धरते. परतीची नळी तुंबली किंवा इंजिनच्या रिंगा झिजून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, दाब वाढला, की तेल खाली जाऊ शकत नाही आणि सीलमधून बाहेर येतं. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करा. जोराने भसभस धूर येत असेल तर आधी इंजिनाकडे बघा.

या अर्ध्या तासात इंटरकूलरही, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळीही, रिकामा झालेला नसतो, आणि हे सगळ्यांत धोक्याचं आहे. फुटलेल्या टर्बोने आत फेकलेलं तेल तिथे साचतं. नव्या टर्बोने ते इंजिनात ढकललं की डिझेल इंजिन त्या तेलावरच पळत सुटतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, कारण जळतंय ते टाकीतलं डिझेल नाही. तेव्हा इंटरकूलर आणि सगळे पाइप काढून धुवा. नवं तेल आणि फिल्टर घाला. टर्बोच्या तोंडात थोडं तेल ओता आणि स्टार्ट न होऊ देता आधी सेल्फ मारून तेलाचा दाब येऊ द्या.

बिलेट व्हील. बिलेट म्हणजे ओतण्याऐवजी ॲल्युमिनियमच्या घन ठोकळ्यातून कोरलेलं व्हील. मजबूत असतं, पातीही पातळ ठेवता येतात. पण नुसत्या या नावाने हवा वाढत नाही. वाढली तरी डिझेल इंजिनात ताकद डिझेलमधून येते, आणि किती डिझेल टाकायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्यातल्या ठरलेल्या आकड्यांवरून (मॅपवरून) ठरवतो. मॅप तोच असेल तर मोठ्या व्हीलने हाती येतो तो उशिरा भरणारा टर्बो, शहरात खालच्या गिअरला मंद गाडी. शंभर हॉर्सपॉवर हवेत तर मॅप, क्लच, इंजेक्टर या सगळ्यांचा खर्च धरा. कंपनीनेच या इंजिनातून ९० काढले ते वेगळा, हलत्या पात्यांचा टर्बो देऊन.

रॉड दोन आटे फिरवायचं तर कृपा करून करू नका. वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, उशिरा उघडतो, टर्बो मर्यादेपलीकडे फिरतो, सेन्सरला जास्त दाब दिसतो, स्कॅनरवर ०२३४ हा ओव्हरबूस्टचा (हवेचा दाब जास्त झाल्याचा) कोड येतो आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे इंजिन वाचवायला ताकद कमी करून घेते. घाटात ओव्हरटेक करताना असं झालं तर काय, याचा विचार करा. शिवाय परवानगीशिवाय गाडीत असे बदल केले तर २०१९ची दुरुस्ती झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि मेसेजमध्ये मुळीच नसलेली गोष्ट: गाडीची ओढ गेली म्हणजे टर्बोच गेला, असं नसतं. गेल्या महिन्यात एक शेजारी त्यांची रिट्झ घेऊन आले. चढावर दम नाही, कोड ०२९९, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब (बूस्ट) कमी. कोरची ऑर्डर द्यायच्या तयारीत होते. बॉनेट उघडून इंटरकूलरच्या रबरी पाइपाखालून हात फिरवला तर बोटं काळ्या तेलाने माखली. क्लिपच्या अगदी शेजारी बोटभर लांबीची चीर होती, गाडी रेस केली की ती उघडायची आणि सोडली की मिटायची. नाना पेठेतून पाइप आणला, दोन क्लिपा नव्या लावल्या. टर्बोला हातही लावला नाही, आणि संध्याकाळी ते कात्रजचा घाट चौथ्या गिअरमध्ये चढून आले.