डोंगर पायथ्यापासून मोजायचा

दिवाळीत आमच्या साताऱ्याच्या गच्चीवर डोंगर कशाला म्हणायचं आणि टेकडी कशाला, असा एक वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. फॅमिली ग्रुपवर रोज त्याचे तुकडे पडतात आणि अर्धवट राहतात, म्हणून माझी बाजू एकदाची इथे सविस्तर लिहिते.

मुलाचा कॉलेजातला मित्र चार दिवस राहायला आला होता. पोरगा उत्तराखंडचा, चमोली जिल्ह्यातला. पहिल्याच सकाळी चहाचा कप घेऊन गच्चीवर गेला. समोर अजिंक्यतारा किल्ला. त्या दिवसांत माथ्यावरचं गवत पिवळं पडायला लागलेलं असतं, पण कड्याखालची झाडी अजून हिरवीगार असते, आणि सकाळचं ऊन आधी तटाच्या काळ्या दगडावर येतं, मग हळूहळू खाली शहरावर उतरतं. पोरगा बराच वेळ बघत उभा राहिला आणि अगदी मनापासून म्हणाला, "आंटी, बहुत सुंदर पहाडी है. नाम क्या है इसका?"

पहाड नाही म्हणाला. पहाडी म्हणाला. म्हणजे टेकडी.

तो गुणी मुलगा आहे आणि त्याच्या जिल्ह्यात 7816 मीटरची नंदादेवी उभी आहे, त्यामुळे त्याचं काही चुकलं नाही. पण मला राहवलं नाही. त्याला बसवून सांगितलं, बाळा, डिसेंबर 1699 मध्ये औरंगजेब स्वतः फौज घेऊन या डोंगराच्या पायथ्याशी येऊन बसला. किल्ला हातात यायला एप्रिल 1700 उजाडला. तट पाडायला सुरुंग लावले, त्यातला एक उलटा उडाला आणि दगडमातीखाली बादशहाचीच माणसं गाडली गेली. पुढे 1708 मध्ये इथेच शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. दिल्लीच्या बादशहाला ज्यानं चार महिन्यांवर खोळंबून ठेवलं, त्याला टेकडी कसं म्हणायचं?

आकडा मात्र त्याच्याच बाजूनं होता. अजिंक्यतारा समुद्रसपाटीपासून सुमारे 3300 फूट, आणि सातारा शहरापासून मोजला तर जेमतेम हजार फूट. मुलानं लगेच मोबाइल काढला. निघालं काय, तर डोंगर कशाला म्हणायचं हे जगात कुठेच एकमतानं ठरलेलं नाही. ब्रिटनमध्ये साधारण 2000 फुटांची रेघ धरतात. अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातं सांगतं की डोंगर आणि टेकडी यांत फरक करणारी अधिकृत व्याख्याच त्यांच्याकडे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाची एक मोजणी आहे, तिच्यात 2500 मीटरच्या वरची सगळी जमीन पर्वतात धरतात, मग ती सपाट का असेना. त्याहून खालच्या जमिनीला मात्र चढ दाखवावा लागतो, आणि 1000 मीटरच्या खाली असाल तर आसपासच्या टापूत 300 मीटरचा चढउतार लागतो. म्हणजे तिबेटातलं सपाट मैदान आपोआप पर्वत, आणि आमच्या गडानं मात्र पुरावे द्यायचे. हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

एवढ्यात आमचे दाजी वादात उतरले. थोरल्या बहिणीचे यजमान, मिरजेचे. ते म्हणाले, "तुम्ही सातारकर सगळ्या डोंगरांचा सातबारा स्वतःच्या नावावर लावून बसलाय. आमचा दंडोबा घ्या की." माझा मुलगा हसला. "दाजीकाका, दंडोबा टेकडी आहे." दाजींचा चेहरा उतरला, आणि गच्चीवर सकाळी माझं जे झालं होतं तेच त्यांचं झालेलं मला दिसलं.

मिरजेकडून पंढरपूरच्या रस्त्याला लागलात की दोन्हीकडे सपाट रान, द्राक्षांच्या बागा, नजर अडवायला काही नाही. त्यात दंडोबा उठून दिसतो. वर झाडी, कातळात कोरलेलं महादेवाचं देऊळ. त्या भागातल्या माणसाला दिशा कळते ती दंडोबावरून. तो कास पठारावरच्या माणसाला दाखवला तर उंचवटा वाटेल. पण तो कास पठारावर नाहीच ना! तो त्या सपाट रानात आहे, आणि तिथे तोच डोंगर आहे.

माझं म्हणणं इतकंच आहे. डोंगर समुद्रापासून मोजायचा नसतो, त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाच्या दारापासून मोजायचा असतो. समुद्र आमच्या दारात कुठे आहे?

सह्याद्रीबद्दलही हेच आहे. भूगर्भवाले सांगतात की सह्याद्री हा हिमालयासारखा घड्या पडून वर आलेला पर्वत नाही. 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, त्या दख्खनच्या पठाराची पश्चिमेची झिजलेली, तुटलेली कड म्हणजे सह्याद्री. हे खरंच आहे. साताऱ्याहून मेढ्यामार्गे महाबळेश्वरला जाताना चढ हळूहळू येतो, इतका की लहान मूल विचारतं, डोंगर कधी येणार? पण तीच वाट संपवून आर्थर सीटला कठड्याशी उभे राहा आणि खाली सावित्रीच्या खोऱ्यात बघा. पोटात खड्डा पडतो. खाली कोकणात राहणाऱ्या माणसाला विचारा, ही पठाराची कड आहे का? तो म्हणेल ही भिंत आहे, आणि रोज सकाळी ऊन हिच्यामागून येतं. देशावरून बघाल तर टेकड्या, कोकणातून बघाल तर पर्वत, आणि दगड तोच. तो दगडही हिमालय उभा राहायच्या आधीचा. हे त्या चमोलीच्या पोराला सांगितलं तेव्हा तो खूश झाला. म्हणाला, मग तर आंटी, हा आमच्या हिमालयाचा थोरला भाऊ.

पुराणांत सात कुलपर्वत सांगितलेत: महेंद्र, मलय, सह्य, शुक्तिमान, ऋक्ष, विंध्य आणि पारियात्र. त्यात आपला सह्य आहे, हिमालय नाही, त्याची गणती वेगळी केलीय. या सातांत हिमालयाच्या उंचीला पुरणारा एकही नाही. तरी जुन्या लोकांनी त्यांना कुलपर्वत म्हटलं, कारण त्यांच्यातून नद्या निघतात आणि त्यांच्या आधारानं माणसं राहतात.

माझं माहेर माण तालुक्यातलं, दहिवडीकडचं. लहानपणी जून लागला की आई अंगणात उभी राहून पश्चिमेकडे बघायची. तिकडे आभाळ काळं झालेलं दिसायचं आणि आमच्या अंगणात धूळ उडायची. वडील म्हणायचे, "पाऊस डोंगरातच उतरला." त्यांच्या तोंडी डोंगर म्हणजे महाबळेश्वर, कोयना, जावळी, ते सगळं एका शब्दात. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वराला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आमच्या माणात पाचशेच्या आसपास. ढग अडवतो तो डोंगर, हे मला शाळेच्या पुस्तकातून कळलं नाही, कोरड्या अंगणातून कळलं. 1646 मीटरचं कळसूबाई राज्यात सगळ्यांत उंच, ते मान्य आहे. नाशिकची मैत्रीण दरवेळी साल्हेरचे 1567 मीटर ऐकवते, तेही मान्य. आमचा महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट 1439 मीटरवर थांबतो. पण कृष्णा कुठून निघाली, हे तिला एकदा विचारायचं आहे.

आणि कोरड्या माणातही डोंगर आहेच. शिखर शिंगणापूर. चैत्र शुद्ध द्वादशीला महादेवाच्या अभिषेकाचं पाणी घेऊन तेल्या भुत्याची मानाची कावड मुंगी घाटानं वर चढते. मी आठ-नऊ वर्षांची असताना वडिलांच्या खांद्यावरून ते पाहिलं. उभा चढ, पायाखाली घसरणारे दगड. माणसं एकमेकांचे हात धरून साखळी करतात आणि कावड हातोहात वर सरकते. वरचा खाली हात देतो, खालचा खांद्यानं रेटतो आणि सगळीकडून एकच आरोळी, "म्हाद्या, धाव!" शेजारी एक आजोबा उभे होते, नऊवारी पागोटं, डोळ्यांतून घळाघळा पाणी. उंची विचाराल तर हजार मीटरच्या थोडी वर. त्या चढावर हात धरून उभ्या असलेल्या माणसाला जाऊन कुणी म्हणावं की बाबा, ही टेकडी आहे.

साताऱ्याची हिल मॅरेथॉन सगळ्यांना माहीत आहे, यवतेश्वराचा घाट चढायची. नावात 'हिल', म्हणजे टेकडी. 2015 मध्ये तिची गिनेस बुकात नोंद झाली ती मात्र एकाच पर्वतावर सर्वांत जास्त लोक धावण्याच्या विक्रमात. मी दरवर्षी घाटात पाणी वाटायला उभी राहते. तिसऱ्या वळणावर येणाऱ्या पळणाऱ्यांची तोंडं बघितली की तिथे पर्वत हाच शब्द बरोबर वाटतो.

दाजींच्या बाजूनं अजून एक सांगते, कारण त्या सकाळी ते मला सुचलं नाही. 1962 मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हा 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' असं सगळा महाराष्ट्र म्हणाला. ते यशवंतराव जन्मले देवराष्ट्र्यात, सागरेश्वराच्या डोंगराजवळ. तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होतं. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणजे सांगलीकडचे लहान लहान डोंगर काढून टाकले तर त्या वाक्यातला सह्याद्रीच अपुरा पडतो. दाजी, हे तुमचं.

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही सगळे अजिंक्यताऱ्यावर गेलो. पोरगा भराभर पुढे, मी आणि ताई मागे. मंगळाईच्या देवळाच्या बाजूला तटावर बसलो. खाली शहर, समोर यवतेश्वर, पूर्वेला जरंडेश्वर. मी त्याला विचारलं, तुमच्या गावात घराच्या मागे जे आहे त्याला काय म्हणतात? तो म्हणाला, "डांडा." बर्फाची शिखरं लांब असतात, त्यांना हात जोडायचे. गवत आणायला, गुरं चारायला रोज जातात तो डांडा. मी म्हटलं, आमच्याकडे डोंगराच्या सोंडेला दांड म्हणतात. तो दोनदा म्हणून बघत बसला. डांडा, दांड. मग मोबाइलवर आईला व्हिडिओ कॉल लावला आणि समोरचं सगळं फिरवून दाखवलं. गढवाळीत काय बोलला ते मला कळलं नाही, पण त्यात 'पहाड' होतं आणि 'पहाडी' नव्हतं.

दाजींचं समाधान अजून झालेलं नाही. माझ्या मुलानं दंडोबाला टेकडी म्हटल्याचं त्यांच्या मनातून जात नाही, आणि मी त्यांच्या बाजूची आहे. येत्या श्रावणात एका सोमवारी सगळ्यांनी दंडोबाला जायचं ठरलंय. दाजींची एकच अट आहे. गाडी पायथ्याला लावायची आणि तिथून चालत वर यायचं. मुलानं अट मान्य केलीय. चमोलीचा पोरगाही रजा टाकून येतोय.