स्लॅब आहे म्हणून घर पुरात टिकेल असं नाही

पाऊस लागला की एक मेसेज गोव्यातल्या मराठी ग्रुपांवर परत फिरायला लागतो. यंदा तो मला चार जणांनी पाठवला, त्यातला एक माझा मामेभाऊ. मजकूर थोडक्यात असा: ‘२०२१च्या पुरात सत्तरी-डिचोलीत पडली ती मातीची घरं. स्लॅबच्या एकाही घराला काही झालं नाही. जुनं घर पाडा, स्लॅबचं बांधा. इंजिनिअरचा दाखला असला की इमारत सुरक्षित. जिथे पन्नास वर्षांत पाणी आलं नाही तिथे ते येणार नाही. तरीही भीती वाटत असेल तर भराव घालून जागा उंच करून घ्या.’

मामेभावाने हा मेसेज नुसता पाठवून सोडला नाही. सत्तरीतलं मामाचं घर पाडायचं त्याने ठरवलं होतं आणि कर्जाचे कागदही तयार केले होते. गेली बावीस वर्षं मी इंजिनिअर म्हणून घरांची आकडेमोड करतो, कामावर उभा राहतो. म्हणून त्याला जे सांगितलं ते इथे सगळ्यांसाठी लिहितो.

आधी मेसेजमधलं खरं मान्य करू. २३ जुलै २०२१ ला म्हादई, वाळवंटी, रगाडा एकदम फुगल्या. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असं मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी तेव्हा सांगितलं होतं. जवळपास हजार घरांना फटका बसला आणि जमीनदोस्त झालेल्यांत मातीची घरं होतीच. बांधकाम साहित्यावर काम करणाऱ्या केंद्राच्या बीएमटीपीसी या संस्थेचा व्हल्नरेबिलिटी ॲटलास, म्हणजे धोक्यांचा नकाशासंग्रह (पहिला १९९७चा, तिसरा २०१९चा) जिल्ह्याजिल्ह्यातली घरं भिंतीच्या आणि छपराच्या प्रकारानुसार मोजतो. त्यातही पुराचा सर्वांत जास्त धोका मातीच्या आणि कच्च्या विटांच्या भिंतींनाच दाखवला आहे. यावर वाद नाही. जुनं ते सोनं म्हणून कुणाला भिजलेल्या मातीच्या भिंतीखाली झोपवायचं पाप मला नको.

पण ती भिंत का पडली, हे मेसेज विचारत नाही. कोरडी मातीची भिंत वरचं छप्पर शंभर वर्षं आरामात पेलते. पाण्यात बसली की तिचा तळ मऊ होतो आणि तेच वजन त्याला झेपत नाही. पुष्कळदा ती पूर चढताना पडत नाही, ओसरताना पडते, कारण दोन्ही बाजूंच्या पाण्याचा आधार निघून जातो आणि भिजलेली भिंत एकटी उरते. मामाच्या घरी मी मागच्या खोलीच्या भिंतीला चावीचं टोक लावून पाहिलं. तळाच्या दोन फुटांत चावी लोण्यात शिरावी तशी आत गेली, चार फुटांवर मात्र ओरखडासुद्धा उठेना. आणि तळाला काय होतं? दहा-बारा वर्षांपूर्वी ‘मजबुतीसाठी’ मारलेला सिमेंटचा गिलावा. मातीची भिंत ओलावा घेते तशी सोडतेही. सिमेंटने तिचं तोंड बंद झालं, ओल आतच राहिली आणि गिलाव्यामागे माती कुजल्यासारखी भुसभुशीत झाली. म्हणजे त्या घराला जुनेपणाने पोखरलं नव्हतं, चुकीच्या दुरुस्तीने पोखरलं होतं. शेजारचा चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) सोपा, म्हणजे ओसरी, त्याच पुरात उभा राहिला, कारण चिरा पाण्यात विरघळत नाही. तिथे दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, मात्र मातीच्या होत्या, त्या बोटभर धुपल्या आहेत.

‘स्लॅबच्या घराला काही झालं नाही’ हे वाक्य तर मुळातच कशाचं मोजमाप आहे ते कळत नाही. पडलं नाही म्हणजे काही झालं नाही? त्या पुराच्या आदल्याच दिवशी, २२ जुलैला, चिपळूणची बाजारपेठ बुडाली. तिथल्या बहुतेक इमारती उभ्याच राहिल्या आणि तळमजल्यावरची दुकानं मालासकट गेली. आपली बांधकामाची मानकं मुळात माणसाचा जीव वाचावा म्हणून लिहिलेली आहेत. दुसऱ्या दिवशी चूल पेटेल, नळाला पाणी येईल, आजारी माणसाला लिफ्टमधून खाली आणता येईल, अशी हमी ती देत नाहीत. त्याच पुरात सत्तरीतला पैकुळचा पूलही कोसळला, आणि तो काही मातीचा नव्हता. काणकोणात जानेवारी २०१४ मध्ये बांधकाम चालू असलेली काँक्रीटची इमारत कोसळून कामगार चिरडले गेले, तेव्हा तर पावसाळाही नव्हता. काँक्रीट हे एक साहित्य आहे. त्यात पाणी किती घातलं, सळी कुठे ठेवली, पाया कशावर बसवला, यावर त्याची ताकद ठरते.

पाण्याचा जोरही लोकांच्या अंदाजात येत नाही. भिंतीच्या एका बाजूला एक मीटर पाणी आणि आत कोरडं असेल, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर ५०० किलोचा रेटा येतो. पाणी दोन मीटर झालं की हजार होत नाही, २००० किलो होतो. उंची दुप्पट, रेटा चौपट. स्लॅबच्या घरात हा रेटा घेते ती खांबांमध्ये भरलेली भिंत, आणि ती आडव्या रेट्यासाठी सहसा कुणी मोजलेलीच नसते. ॲल्युमिनियमच्या खिडक्या गच्च लावून, दाराला वाळूच्या गोणी लावून पाणी शेवटपर्यंत बाहेर ठेवायला गेलात तर हीच भिंत आत येते. म्हणून काही देशांत पूर येणाऱ्या भागात तळमजल्याच्या भिंतींना मुद्दाम झरोके ठेवतात. पाणी आत शिरतं, दोन्हीकडची पातळी सारखी होते, भिंत वाचते. वाहत्या पाण्यातून लाकडाचे ओंडके येऊन आदळतात तो हिशोब आणखी वेगळा. आणि पाणी खालूनही ढकलतं: एक मीटर पाण्याला दर चौरस मीटरमागे एक टन. पावसाळ्याच्या तोंडावर सेप्टिक टाकी किंवा संप (जमिनीखालची पाण्याची टाकी) रिकामा करून ठेवणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. रिकामी टाकी जमिनीतून होडीसारखी वर उचलली जाऊ शकते.

आता दाखल्याचं. दाखल्याला मी कमी लेखत नाही, मी स्वतः आकडेमोड करून देतो. पण त्या कागदावर काय असतं ते तरी वाचा. इमारत स्वतःचं वजन, माणसांचं वजन, वारा आणि आपल्या भूकंपक्षेत्राचा धक्का पेलेल, एवढं त्यात म्हटलेलं असतं. तुमच्या उंबऱ्यापर्यंत पाणी येईल का, किती वेळ राहील, आल्यावर मीटर बुडेल का, यातलं एक अक्षर त्यात नसतं. तो प्रश्न इंजिनिअरला कुणी विचारलेलाच नसतो.

आणि जे विचारलेलं असतं तेही जागेवर उतरतं का? आयएस ४५६ हे काँक्रीटचं मानक समुद्रकाठच्या उघड्या बांधकामाला ‘तीव्र’ परिस्थितीत धरतं. तिथे काँक्रीट किमान एम ३० दर्जाचं आणि सळीवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण हवं. किनारी गावांत मी पाहिलेल्या कितीतरी घरांत हे आवरण २० मिलिमीटरच्या वर जात नाही. खाऱ्या हवेतलं मीठ आणि पावसाची ओल सळीपर्यंत पोचते, सळी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा मागतो, आणि मग बीमच्या तळाला सळीच्या रेषेत चीर दिसते, तपकिरी ओघळ दिसतो, शेवटी पोपडा पडतो. त्यावर पुट्टी मारून रंग काढला की पुढचा भाडेकरू खूश. पंधरा वर्षांपूर्वीचा दाखला या बीमबद्दल आज काहीच सांगू शकत नाही.

पणजीतल्या एका सोसायटीचं सांगतो. इमारत धडधाकट, कागद चोख. तळाला पार्किंग, त्याच पातळीवर सगळ्यांचे वीजमीटर, पंप आणि जमिनीखालचा संप. एका रात्री जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली. पार्किंगमध्ये जेमतेम दोन फूट पाणी साचलं. संपाचं झाकण जमिनीबरोबर होतं, त्यातून गटाराचं पाणी आत गेलं. मीटर चार दिवस बंद ठेवावे लागले. पाचव्या मजल्यावरच्या एका आजींना खाली उतरता येईना आणि वर प्यायला पाणी नव्हतं. इमारतीला एक चीरही गेली नव्हती. मीटर पाच फूट वर आणि संपाच्या तोंडाला दोन फुटांचा कठडा, एवढ्याने ते चार दिवस वाचले असते.

‘पन्नास वर्षांत आलं नाही’ हा दावा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो अनुभवाच्या तोंडून बोलतो. शंभर वर्षांतून एकदाचा पूर म्हणतात तो दर वर्षी एक टक्का शक्यतेचा पूर. तसा पूर सलग पन्नास वर्षांत एकदाही न येण्याची शक्यता ६० टक्के निघते. म्हणजे आजोबांनी पाणी पाहिलं नाही, यावरून जागा सुरक्षित आहे असं काहीच ठरत नाही. तीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत तो एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के आहे. त्यातही हे गणित कालच्या पावसाचं. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि ते एकदम कोसळतं.

शिवाय आजोबांच्या वेळची जागा आज उरली आहे का? आपल्याकडे भरतीचं पाणी मांडवीतून थेट गांजेपर्यंत आत जातं. ओहोटीला गटारं, व्हाळ (ओढे) नदीत मोकळे होतात, भरतीला नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीत मुसळधार पाऊस झाला की पाण्याला जायला वाटच नसते. ते झेलायला गावकारीने, म्हणजे गावाच्या सामायिक संस्थेने, पिढ्यान्‌पिढ्या खाजनं (खाडीकाठची सखल शेतं) सांभाळली, बांद घातले, बांदात मानशी (पाण्याची दारं) बसवल्या. मानशीची दारं भरतीला आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. त्या दारांची फळी कुजली किंवा बांदाला भोक पडलं की अर्ध्या मैलावरच्या घराचा धोका बदलतो, त्या घराची एक वीटही न हलता. त्यामुळे घर तपासायला गेलो की मी आधी विचारतो, मानस कोण बघतं? पुष्कळदा उत्तर येत नाही.

भरावाचं तर गणित शाळेतल्या मुलालाही जमेल. हजार चौरस मीटर शेतात मीटरभर तांबडी माती टाकली म्हणजे तिथे साचणाऱ्या दहा लाख लिटर पाण्याची जागा गेली. दहा हजार लिटरचे शंभर टँकर. ते शेजाऱ्याकडे जातात. आज तुम्ही त्याच्यापेक्षा उंच आहात, उद्या पलीकडचा तुमच्यापेक्षा उंच होईल. आणि सैल टाकलेला भराव वर्षानुवर्षं बसत राहतो, खाली खाजनाची चिकण माती असेल तर जास्तच. त्यावरच्या घराच्या भिंतींना तिरक्या भेगा जातात त्या याच्या. शेतजमिनी रूपांतरित करण्याच्या वाटा कायद्यात रुंद होत गेल्या, गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात २०२३ ला १७(२) आणि त्यानंतर ३९अ ही जमिनीचा झोन बदलू देणारी कलमं आली. अशा वाटांनी गेलेलं प्रत्येक शेत आपल्या घरांचा पुराचा धोका वाढवतं.

वाऱ्याबद्दल मेसेज गप्प आहे. मे २०२१ च्या तौक्ते वादळात कौलं आणि पत्रे उडाले, माड-आंबे घरांवर पडले. पत्र्याला हूक आणि वाशाला पट्टी लावणं हे एका दिवसाचं काम आहे.

मग घर तपासायचं कसं? जगात यासाठी गुणपत्रिका तयार होत आहेत. जागतिक बँक गटातल्या आयएफसी या संस्थेचा ‘बिल्डिंग रेझिलियन्स इंडेक्स’ वारा, पाणी, आग आणि भूकंप-दरडी असे धोके जागेनुसार वेगळे धरून इमारतीला श्रेणी देतो. त्यातलं मला पटतं ते एवढंच, की तिथे आधी जागा विचारतात, मग इमारत. आपल्या घरापुरतं हे कुणालाही करता येतं. २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण शोधायची, नसेल तर शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचं. त्या खुणेवर निदान दोन फूट धरायचे. त्या रेषेच्या खाली काय काय आहे ते बघायचं: मीटर, पंप, फ्रीज, धान्याची कोठी, आजीची खाट. भिंत त्या रेषेपर्यंत कशाची आहे, दर्जा कशाच्या आहेत. पाणी कुठून येतं आणि, त्याहून महत्त्वाचं, कुठून जातं. मुंडकारांच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्यांच्या, घरांत आणखी एक अडचण असते: भिंत बदलायची म्हटली तरी भाटकाराशी (जमीनमालकाशी) बोलणं, परवानगी, कागद. १९७५चा मुंडकार कायदा असूनही कितीतरी घरं या गुंत्यात जशीच्या तशी उभी आहेत. त्यांना ‘पाडा आणि स्लॅब घाला’ सांगणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं आहे.

मामाच्या घरी आम्ही हेच केलं. पाण्याची खूण मागच्या दाराच्या चौकटीवर सापडली, जोत्यापासून दोन फूट सात इंच. लाकडाचा रंग तिथे स्पष्ट बदलला होता. सिमेंटचा गिलावा खरवडून काढला. मागच्या दोन भिंती छपराला टेकू देऊन तुकड्यातुकड्याने तळातून सोडवल्या आणि पाच फुटांपर्यंत चिरा, सिमेंटच्या दर्जा, वर जुनीच माती, चुन्याचा हात. मीटर खुणेच्या वर गेला. परसातली पाण्याची जुनी वाट कुणीतरी पेव्हर घालून बुजवली होती, ती उकरली. कर्जाच्या एक चतुर्थांश पैशांत काम झालं. मामेभावाने चौकटीवरची ती खूण रंगवू दिली नाही, सुताराकडून पटाशीने कोरून घेतली आणि बाजूला तारीख घातली.