‘दरवर्षी गॅस भरा’ हा सल्ला जुन्या गाडीचा घात करतो

रत्नागिरीत उकाडा वाढला की एक मेसेज हमखास फिरतो: ‘जुन्या गाडीचा एसी गार करत नाही? गॅस संपलाय. दरवर्षी भरून घ्या. व्हॅक्यूम, ड्रायर हे जादा खर्च. जुना गॅस मिळत नसेल तर नवा वरून टाका, जरा जास्तच टाका. पावसाळ्यात एसी लावूच नका.’ माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीला बाहेरून बसवलेला एसी मी उतरवून नव्याने बसवला आहे. हा मेसेज वाचून गप्प बसवत नाही.

गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. रबरी होजमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, हे खरं. पण एका उन्हाळ्यात संपला, तर लीकेज आहे. माझ्या गाडीची पुढची जाळी काढली, तर कंडेन्सरच्या (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) खालच्या कोपऱ्यातल्या फिन्स, म्हणजे पातळ पत्र्या, बोट लावताच पांढऱ्या भुग्यासारख्या गळाल्या. मधोमध एक काळा, तेलकट डाग. गॅसबरोबर तेलही बाहेर येतं, त्यावर धूळ बसते. लीकेज शोधायचं ते अशा डागापाशी. खारं वारं ॲल्युमिनियमला सोडत नाही. एका गॅरेजने दोन उन्हाळे त्याच भोकावर गॅस भरून पैसे घेतले होते.

व्हॅक्यूमला, म्हणजे गॅस भरण्याआधी पंपाने नळ्यांतली हवा ओढून काढण्याला, जादा खर्च म्हणणाऱ्याने निदान कोकणात तरी हा सल्ला देऊ नये. नळ्या उघडल्या की आपली दमट हवा आत शिरते. पंपाने आतला दाब पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या खाली नेला, की पाणी आपल्या नेहमीच्या उकाड्यातच उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं. नाही काढलं, तर ते एक्सपान्शन वॉल्व्हच्या, म्हणजे जिथून गॅस फवारून गार होतो त्या झडपेच्या, बारीक तोंडाशी गोठतं. मग एसी दहा मिनिटं गार, नंतर कोमट, गाडी थोडी उभी ठेवली की पुन्हा गार. याला लोक ‘गॅस कमी’ म्हणतात! ड्रायर म्हणजे गॅसच्या वाटेतली ओल शोषणारी डबी; तिच्यातले दाणे उरलेली ओल धरतात. उघडे राहिले तर हवेतल्याच पाण्याने भरतात. म्हणून नळ्या उघडल्या की ड्रायर नवा घ्यायचा आणि त्याची टोपणं सगळ्यात शेवटी काढायची.

‘नवा गॅस वरून टाका’ हे तर कॉम्प्रेसरचं, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचं, मरण. जुन्या एसीत आर-१२ नावाचा गॅस असायचा. ओझोनच्या थराला तो घातक, म्हणून १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने बंद झाला. त्याच्या जागी आलेला नवा गॅस म्हणजे आर-१३४ए. आर-१२ सोबतचं खनिज तेल या आर-१३४ए मध्ये मिसळत नाही. मिसळलं नाही तर ते नळ्यांत पडून राहतं, कॉम्प्रेसरकडे परतत नाही आणि तो कोरडा घासतो. जुनं तेल काढून नव्या गॅसला चालणारं तेल घालावंच लागतं.

गॅस वजनकाट्यावर भरायचा. आर-१२ साठी लिहिलेल्या वजनाच्या साधारण ८० ते ९० टक्के आर-१३४ए पुरतो. जास्त झाला तर दाब चढतो, गारवा उलट घटतो आणि आंबा घाटात आधीच तापणाऱ्या इंजिनावर भार पडतो.

राहिला पावसाळा. एसी महिनोन्‌महिने बंद राहिला तर कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील सुकतं आणि तिथूनच गॅस सुटायला लागतो. मी जुलैतही आठवड्याला दहा मिनिटं एसी चालवतो, आणि पुढच्या काचेवरचं धुकंही तेवढ्यात निघतं.