माळ काढलेल्यांसाठी एकादशीचं पथ्य

वारकऱ्याची तुळशीमाळ काढलीत? छान. तुटली तर पुन्हा ओवून गळ्यात घालीपर्यंत घास घ्यायचा नाही, अशा घरात वाढून तुम्ही ती स्वतःच्या हातानं काढून ठेवलीत, म्हणजे छाती आहे तुम्हाला. पण माळ काढणं सोपं असतं, सुती दोरा तो. खरा धोका त्यानंतर येतो. एखाद्या दिवशी तुम्ही चहा पीत निवांत बसाल आणि लक्षात येईल की आपलं कुणाशीच भांडण नाही. एवढी वर्षं पहाटे उठून कमावलेली शिस्त अशी वाया घालवू नका.

लहानपणी तुम्हाला शिकवलं होतं की जगात दोनच जातीची माणसं असतात, माळकरी आणि 'खाणारे'. खाणाऱ्याच्या घरचं पाणी आजी घोटभरसुद्धा घेत नसे. हे दोन कप्पे मोडू नका, मजबूत आहेत. फक्त वरच्या चिठ्ठ्या बदला. एकावर लिहा 'विवेकी', दुसऱ्यावर 'अंधभक्त'. आणि पाणी तेवढं पूर्वीसारखंच टाळा.

आता मुख्य व्रत. मटण एकादशीलाच खायचं. रविवारी खाण्यात काय अर्थ आहे? अर्धं कोल्हापूर रविवारी मटण खातं, कसलीही विचारसरणी नसताना. त्यासाठी स्वयंपाकघरात एक कालनिर्णय टांगा. वर्षाला २४ एकादश्या, अधिक मास आला तर २६, एकही चुकता कामा नये. कधी एकादशी दोन दिवस येते, आधी स्मार्त आणि मग भागवत. वारकरी भागवत धरतात, तेव्हा तुम्हीही तीच धरा. स्मार्ताला मटण खाल्लं तर ते नुसतं जेवण होतं, बंड होत नाही. आषाढीला खाटकाचं दुकान उघडं मिळेल याचा भरवसा धरू नका, दशमीलाच आणून मसाला लावून ठेवा. गावाकडे तुमची आई त्याच रात्री साबुदाणा भिजत घालत असते, पण तो योगायोग समजा. एकादशीला जेवणाऱ्याच्या अन्नाची तुकोबांनी कशाशी बरोबरी केली आहे, ते प्रत्येक घासाला आठवा. त्याशिवाय चव येत नाही. दुसऱ्या दिवशी बारस सोडायची, म्हणजे काल कोण कोण दुखावलं ते मोजायचं.

ही परंपरा जुनी आहे, लाजू नका. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि मंडळींनी परमहंस सभा काढली. सभासद व्हायचं तर ख्रिश्चनानं भाजलेला पाव खावा लागे. जात मोडायची, पण बैठक गुप्त. १८६० च्या सुमारास सभासदांची नावं फुटली आणि सभा विरली. पुढं वाईट झालं. त्याच गोतावळ्यातून १८६७ साली प्रार्थना समाज निघाला आणि तिथं उपासनेला तुकोबांचे अभंग म्हणू लागले. पाव खाऊन झाल्यावर माणूस ढिला पडला की असं होतं.

विरोधकांचं काय करायचं, हा प्रश्न अवघड आहे. आगरकरांचं बरं होतं, पुण्यानं त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. तुमची कोण काढणार? सोसायटीतल्या लोकांना तर तुम्ही माळकरी होतात हेच ठाऊक नाही. तेव्हा विरोधक घरच्या घरी तयार करावे लागतात. नव्या स्कूटरपुढं नारळ फोडणारा मेव्हणा चालतो. लिंबू-मिरची लावलेला रिक्षावालाही चालतो, फक्त उतरायच्या आत त्याचं प्रबोधन पूर्ण करा, सुटे पैसे नंतर. शेजारच्या सत्यनारायणाला मात्र जपून जा. तूप सोडलेला, केळं घातलेला सव्वाच्या मापाचा शिरा द्रोणात हाती येतो आणि भल्याभल्यांचा युक्तिवाद तिथं लुळा पडतो. (माझा दोनदा पडला आहे. दुसऱ्यांदा मी द्रोण पुढं केला होता.)

बाहेरचे संपले की आतले शोधा. बसमधून जाताना देऊळ दिसलं आणि एखाद्या नास्तिक मित्राचा हात नकळत छातीशी गेला, तर त्याला वाळीत टाका. गावच्या पंचांना जमत होतं, ते तुम्हाला का जमू नये? कुणी दाभोलकरांचा दाखला देईल, की आमचा विरोध देवाधर्माला नाही, त्याच्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे, असं ते आयुष्यभर सांगत आले. ऐकून घ्या आणि विषय बदला. २० ऑगस्ट २०१३ ला ज्याला खरोखरच गोळ्या घातल्या गेल्या, त्याच्या सौम्यपणापुढं आपला आवेश फार उघडा पडतो.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचंही नाव काढू नका. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, म्हणजे नुसती माळ नव्हे, सगळं घरच पणाला लावलं. आणि मग काय केलं? ख्रिस्तावर अभंग लिहिले. ज्या अंगणातून बाहेर पडले तिथलीच तुळस घेऊन गेले. हे लढणं नव्हे.

एवढं सगळं सांभाळलंत तरी एक प्रसंग येतोच, त्याचं पथ्य मला अजून सापडलेलं नाही. आई गुडघ्याच्या डॉक्टरसाठी शहरात येते आणि नेमकी आषाढी असते. पाचला उठून तिचा हरिपाठ झालेला असतो. तुम्ही दशमीचं मटण गरम करता, मुद्दाम तिच्यासमोर बसता. भाषण तयार असतं. ज्ञानेश्वरांच्या आईबापांचं धर्मपीठानं काय केलं, इथून सुरुवात, पुढं चोखोबांपर्यंत. ती पातेल्यात डोकावते. पदर नाकाला लावते. तुम्ही घसा साफ करता.

"नुसतंच खातोस का रे? भाकरी नको?"

आणि उठते. पदर नाकाला तसाच, दातात धरलेला. परातीत पीठ घेते, गरम पाणी घालते, मळते, थापते. उपास तिचा, भगर अजून टोपातच. गुडघा दुखतो म्हणून एक पाय वाकडा ठेवून उभी. तव्यावर भाकरी टम्म फुगते. ती चटका खात उचलून तुमच्या ताटात टाकते, रश्श्याला हात लागणार नाही इतक्या वरून.

चोखोबा राहिलेलेच असतात. भाकरी मोडली की वाफ येते.

"दुसरी टाकू का?" ती पदराआडून विचारते.