बेसबॉल कोणी एका दुपारी शोधला नाही हो

"१८३९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउन गावात ॲब्नर डबलडेने काठीने मातीत आकृती काढली आणि बेसबॉल जन्माला आला, पुढे तो जनरल झाला, खेळ शंभर टक्के अमेरिकन, म्हणून बेसबॉलच्या थोरांचं सन्मान-दालन, हॉल ऑफ फेम, तिथेच." हा मेसेज परत फिरतोय. गोष्ट झकास आहे, पण एकेक करून बघू.

आधी डबलडे. १८३९ ला तो कूपरस्टाउनात नव्हताच, वेस्ट पॉइंटच्या मिलिटरी अकॅडमीत होता, १८३८ ला गेला तो १८४२ ला पास होऊन बाहेर पडला. जनरल झाला ते खरं, पण १८९३ ला वारला तोपर्यंत बेसबॉल मी शोधला असं म्हणाला नाही.

मग ही कथा आली कुठून? स्पॅल्डिंग म्हणजे खेळाचं सामान विकणारा बडा माणूस, त्याला खेळ अस्सल अमेरिकन हवा होता आणि मूळचा इंग्लिश पत्रकार हेन्री चॅडविक म्हणत होता की बाबांनो हा आमचा इंग्लंडातला राउंडर्स नावाचा खेळ आहे, तर वाद मिटवायला १९०५ मध्ये कमिशन नेमलं, त्यांना ॲब्नर ग्रेव्ह्ज नावाच्या मायनिंग इंजिनिअरची आठवण मिळाली आणि १९०७ च्या अखेरीस निकाल लागला. १८३९ ला हे ग्रेव्ह्ज साहेब पाच वर्षांचे होते! पाच वर्षांच्या पोराने बघितलेलं, सासष्ट वर्षांनी सांगितलेलं, आणि वर त्या कमिशनचा अध्यक्ष मिल्स हा डबलडेच्या ओळखीतला.

आता "शंभर टक्के अमेरिकन" बद्दल. बोस्टनला भावाकडे गेलो होतो तेव्हा जुन्या पुस्तकांच्या दुकानात 'द बॉईज ओन बुक' मिळालं, विल्यम क्लार्कचं, लंडनला १८२८ मध्ये आलेलं, त्याच्या १८२९ च्या बोस्टन आवृत्तीचं पुनर्मुद्रण. मी जादूचे प्रयोग बघायला चाळत होतो आणि राउंडर्सचं पान निघालं. पश्चिम इंग्लंडातल्या पोरांचा लाडका खेळ, असं म्हणतो. समासात बारकीशी आकृती, चार दगड किंवा खुंट, बारा ते वीस यार्डांवर, पाचव्या जागी फीडर, तो हळूच बॉल टाकणार. तीनदा हुकलास तर आऊट, कॅच गेला तर आऊट, आणि पळताना अंगावर बॉल बसला तरी आऊट, म्हणजे आपल्या आबाधुबीसारखं. डबलडेने काठी उचलायच्या दहा वर्षं आधी हे बोस्टनच्या दुकानांत छापील मिळत होतं. आणि मजा पुढेच आहे, १८३४ ला बोस्टनच्याच रॉबिन कार्व्हरने हेच नियम जवळपास जसेच्या तसे आपल्या पुस्तकात घेतले, फक्त वरचं नाव बदललं, 'बेस, ऑर गोल (goal) बॉल', कारण म्हणे आपल्या देशात हेच नाव चालतं.

बरं नाव तरी अमेरिकेचं? तेही नाही. लंडनच्या जॉन न्यूबेरीच्या १७४४ च्या लहान मुलांच्या पुस्तकात बेस-बॉलवर चित्र आणि कविता आहे. विल्यम ब्रे नावाच्या इंग्लिश माणसाने ३१ मार्च १७५५ ला बेस बॉल खेळल्याचं डायरीत लिहिलंय. अमेरिकेत १७९१ ला मॅसॅच्युसेट्सच्या पिट्सफील्ड गावाने नव्या मीटिंग हाऊसपासून (गावाची सभा-प्रार्थनेची इमारत) ८० यार्डांत बेसबॉल खेळायला बंदी घातली. काचा फुटत असणार, दुसरं काय! तो ठरावही गावाच्या १८६९ च्या जुन्या इतिहासातल्या उल्लेखामुळे बेसबॉलचा इतिहासकार जॉन थॉर्नच्या नजरेत आला.

आता कोणीतरी म्हणेल डबलडेने नाही तर ॲलेक्झांडर कार्टराइटने शोधला. तेही अर्धवट. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर या बेसबॉल क्लबने १८४५ ला नियम लिहून काढले, तो होता त्यात, पण नऊ इनिंग्ज आणि दोन बेसमधलं ९० फुटांचं अंतर ठरलं क्लबांच्या १८५७ च्या अधिवेशनात. अमेरिकेचा वाटा नाकारत नाहीये मी, आजचा खेळ तिथेच घडला, पण घडणं वेगळं आणि एका दुपारी सुचणं वेगळं.

हॉल ऑफ फेम मात्र खरंच कूपरस्टाउनात आहे, १९३९ ला उघडलं, याच कथेची शंभरी धरून. फक्त तिथे निवडलेल्यांच्या पाट्यांमध्ये डबलडे शोधू नका, त्याला कधी घेतलंच नाही.