बर्फ कोरलेला नाही, आणि दगड जांभा तर नाहीच

रत्नागिरी-चिपळूणकडच्या ग्रुपांवर सध्या एक फोटो फिरतोय, बर्फातल्या जुन्या न्यूयॉर्कचं लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेलं चित्र, आणि खाली लिहिलंय की हे आपल्या कोकणातल्या जांभ्यावर कोरून पांढऱ्या शाईने छापलंय. अहो, जांभा बघितलाय ना, नुसती भोकं, भिंतीला एक नंबर पण त्यावर चित्र कसं उठणार! लिथोला बारीक कणांचा चुनखडक लागतो, सगळ्यात नावाजलेला बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा. आणि कोरत काहीच नाहीत, अलॉइस झेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास काढलेली युक्ती वेगळीच आहे, सपाट दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, वरून गोंद-ॲसिडचा हात मारायचा, मग दगड ओला करून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त तेलकट जागी धरते, ओल्या जागी नाही. म्हणजे बर्फ हा चक्क कोरा कागद! छपरं, रस्ते जिथे पांढरे हवेत तिथे खडू लावायचाच नाही, आणि पडणारे कण दाखवायचे तर आधीच गोंदाचे ठिपके द्यायचे नाहीतर काळ्यावर पात्याने खरवडायचं. पांढरी शाई लागतेय कुठे? रविवर्मांचा प्रेसही १८९४ ला मुंबईत याच तंत्रावर सुरू झाला, तिथे तर रंगागणिक वेगळा दगड.