खुलासा : मेथअँफेटामाइन ‘औषधच’ असल्याचा दावा

‘दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांना मेथअँफेटामाइन या उत्तेजक द्रव्याच्या गोळ्या मिळत, अमेरिकेत डॉक्टर ते आजही लिहून देतात, मग परीक्षेच्या जागरणासाठी घेतले तर बिघडले कुठे?’ असा मजकूर विद्यार्थ्यांमध्ये फिरतो आहे. यातल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, निष्कर्ष मात्र जिवावर बेतणारा आहे.

‘पर्विटिन’ नावाची ती गोळी १९३८ मध्ये जर्मनीत बाजारात आली आणि १९४१ मध्ये तेथेच तिच्यावर कायद्याने निर्बंध आले, हे मजकुरातून सोयीस्करपणे गाळले आहे. अमेरिकेतील औषध मोजक्या आजारांसाठी, अल्प मात्रेत व देखरेखीखाली दिले जाते. चोरून विकल्या जाणाऱ्या ‘क्रिस्टल’च्या, म्हणजे याच द्रव्याच्या स्फटिकरूपाच्या, खड्यात मात्रा किती आणि भेसळ कशाची, हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

हा पदार्थ मेंदूतील डोपामिन हे सुखाची जाणीव देणारे रसायन एकाएकी वाढवतो, म्हणून तरतरी वाटते. पण त्याच वेळी नाडी व रक्तदाब चढतात, अंग धोकादायक प्रमाणात तापू शकते आणि हृदयविकाराचा झटका किंवा मेंदूतील रक्तस्राव ऐन तरुणांनाही होऊ शकतो. दीर्घकाळ घेणाऱ्यांचे दात किडून झिजतात, आणि कातडीखाली किडे वळवळत असल्याच्या भासाने काही जण स्वतःचे अंग ओरबाडून जखमा करून घेतात, घरच्यांवरच संशय धरतात. अशा मुलाला वेडा ठरवून कोंडून ठेवू नये, तातडीने रुग्णालयात न्यावे. या व्यसनावर मान्यताप्राप्त अशी खास गोळी नसली, तरी समुपदेशन व वर्तनोपचारांनी अनेक जण त्यातून बाहेर पडले आहेत. १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती मदतवाहिनी निःशुल्क आहे.